पेवाच्या तोंडाशी

“...मग ती बाई तीनदा तीन गोष्टी बोलली, हे तरी खोटं आहे का?” भूपालआप्पांनी विचारलं.

अमीनबाबा आपल्या खोपटासमोर बसून फाटक्या घोंगडीला टाके घालत होते.

भूपालआप्पा म्हणजे आमच्या गावातले हळदीचे सगळ्यांत मोठे व्यापारी. अमीनबाबा म्हणजे नदीकाठच्या माळावर पत्र्याच्या खोपटात राहणारे फकीर. त्याच माळावर आमची पेवं आहेत. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा. तीन-चार पुरुष खोल, पण तोंड एक माणूस जेमतेम आत जाईल एवढंच. फकिरी घेण्याआधी बाबांनी वीस वर्षं या पेवांत उतरून हळद काढली होती.

आणि ती बाई म्हणजे डॉक्टर मृणाल हेर्लेकर. साथीचं पहिलं वर्ष होतं. बाईंची सगळी उमर साथींचा अभ्यास करण्यात गेलेली. आधी त्या म्हणाल्या, आजारी माणसानं तोंड झाकावं. मग म्हणाल्या, सगळ्यांनीच झाकावं. मग म्हणाल्या, असंच चाललं तर पंधरवड्यात गावात शंभर जण अंथरुणाला लागतील.

बाजार बंद झाला. पंधरवडा सरला. आजारी निघाले एकोणीस.

आता बाई म्हणत होत्या, अजून तीन आठवडे गोदामं उघडू नका.

आप्पांच्या गोदामात चौदा हमाल. एका दाराची बंद खोली, आत खांद्याला खांदा लावून पोती भरायची. ते चौदाही घरी बसले होते, कारण बाबांनी त्यांना सांगितलं होतं, बाईचं ऐका.

तो शब्द बाबांनी मागं घ्यावा म्हणून आप्पा आले होते. मला सोबत घेतलं, कारण माझंही गोदाम बंद. खरं सांगायचं तर मीही आप्पांच्याच बाजूचा होतो.

“सांगा की,” आप्पा म्हणाले. “तीनदा तीन बोलणाऱ्याला शहाणा म्हणायचं?”

बाबांनी दोरा दातानं तोडला.

“गेल्या साली दसऱ्याला भाव चढंल म्हणाला होता तुमी.”

“म्हणालो होतो.”

“चढला?”

“...बाजार फिरला.”

हा किस्सा मला पक्का ठाऊक. आप्पांच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्यांनी माल दाबून ठेवला होता, आणि दसऱ्याला भाव असा काही बसला की आमची तोंडं पाहवत नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा आप्पांच्याच ओट्यावर. चहा पीत, दिवाळीचा भाव काय राहील ते विचारत.

मी हे बोललो नाही.

आप्पांचा आवाज चढला. ते म्हणाले, हे पत्रे कुणी घातलेत ते विसरू नका.

“काढून न्या,” बाबा म्हणाले. “पाऊस अजून लांब हाय.”

आणि सुईत नवा दोरा ओवायला लागले.

आप्पा व्यापारी माणूस. एका बाजूनं सौदा जमत नाही म्हटल्यावर दुसरी बाजू धरली. मऊ आवाजात म्हणाले, बाबा, तुमच्यावर लोकांचा जीव आहे. त्या बाईला गावात ओळखतं कोण? आज आली, उद्या बदली होऊन जाईल. तिच्या कागदावर काय लिहिलंय ते तिलाच माहीत. तुमचा एक शब्द शंभर कागदांना भारी आहे.

“काय म्हनू म्हणता?”

“दुवा द्या फक्त. म्हणा, काही होत नाही, जा कामाला.”

“दुवा दिऊ?”

“द्या.”

बाबा उठले.

आप्पांना बाबांच्या होकाराची इतकी खात्री होती की आपल्या पेवाच्या तोंडावरची फरशी त्यांनी सकाळीच काढून ठेवली होती. खोपटापासून पेव वीस-पंचवीस पावलांवर. बाबा जाऊन त्याच्या तोंडाशी उभे राहिले. आम्ही मागोमाग.

तिथं आल्याबरोबर आप्पांनी काय केलं, तर फरशीशेजारी ठेवलेला कंदील पेटवला. कुणी सांगितलं नव्हतं. बंद पेवातली हवा विषारी झालेली असते. म्हणून पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा, तो जळत राहिला तरच माणूस. आप्पांचे वडील तेच करत, आजोबाही तेच. आप्पांनी कंदील दोरीला बांधून आत सोडला.

निम्म्यात गेला आणि विझला.

बाबांनी आप्पांपासून चार हात लांब राहून दोन्ही तळवे वर केले, डोळे मिटले आणि आप्पांच्या नावानं दुवा मागितली. साधीसुधी नव्हे. मुलाबाळांसाठी मागितली, गोठ्यातल्या म्हशींसाठी मागितली, उमर मागितली, बरकत मागितली. मी उभ्या आयुष्यात इतकी भरघोस दुवा ऐकलेली नाही.

“आमीन,” बाबा म्हणाले. मग पेवाकडं हात केला. “उतरा.”

“कोण? मी?”

“दुवा तुमचीच हाय.”

“बाबा, कंदील विझलाय.”

“दुवा खरी हाय.”

...

मी आप्पांच्या तोंडाकडं पाहिलं नाही. काही वेळा समोरच्याचं तोंड पाहायचं नसतं, हे मला शाळेत न जाताही कळतं.

आप्पा हलले नाहीत.

पेवातली विषारी हवा निघून जायची वाट बघत कडुनिंबाखाली आम्ही तिघं तीन बाजूंना बसलो. आप्पांनी हनुवटीवर सरकलेला रुमाल दोनदा वर घेतला, दोनदा खाली घेतला. तास गेला. आप्पांनी पुन्हा कंदील सोडला. या वेळी तो तळाला टेकला, ज्योत जोंधळ्याच्या दाण्याएवढी झाली, आणि गेली.

पुन्हा बसलो. बाबांनी घोंगडीची एक कड पुरी केली.

उन्हं कलायला लागली तेव्हा तिसऱ्यांदा सोडला. तळाशी कंदील स्वच्छ जळत राहिला. वरून वाकून पाहिलं तर खालची हळद पिवळीधमक दिसत होती.

बाबांनी तो वर ओढून घेतला आणि दोरी सोडवली. कंदील हातात घेऊन काठाच्या टोकापर्यंत चालत गेले. खाली नदी.

“सकाळी निम्म्यात विझला,” बाबा म्हणाले. “मग तळाला विझला. आता जळतोय. ह्यो बी तीनदा तीन बोलला, आप्पा.”

त्यांनी कंदील फेकायला हात मागं नेला.

आप्पा धावले. साठी उलटलेला माणूस, पण असा धावला की पायातली चप्पल तिथंच राहिली. बाबांचं मनगट धरून म्हणाले, “अहो, हवा बदलली, बाबा. कंदिलाचा काय दोष?”

...

मग आप्पांनी मनगट सोडलं. आपणच काय बोललो, ते त्यांना ऐकू आलं असावं.

पण आप्पा हार मानणाऱ्यांतले नव्हेत. चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणाले, कंदील डोळ्यांना दिसतो. त्या बाईचं सगळं कागदावर. ही साथ मला कुठं दिसते?

“पेवातली हवा दिसती?”

आप्पा एकदम आठवल्यासारखं म्हणाले, “शंभर म्हणाली होती. एकोणीस झाले. एवढा फरक?”

“तुमच्या पेवात आजवर किती माणसं मेली?”

“एकही नाही.” आप्पांची मान ताठ झाली. “आजोबांपासून एकही नाही. साऱ्या माळावर विचारा.”

“मग एवढी सालं राकेल फुकटच जाळलं म्हणायचं.”

...

नदीच्या पलीकडून कुणीतरी म्हशींना हाका घालत होतं. आप्पांच्या मनात राग होता, पण तो कुणावर काढायचा ते त्यांना सापडत नव्हतं. शेवटी पेवापाशी आले, मला म्हणाले, धर रे. आम्ही दोघांनी फरशी उचलून पेवावर सरकवली. आप्पांनी स्वतः चिखल कालवून तिच्या कडा लिंपल्या. चौदा माणसं हाताशी असताना त्यांनी हे काम कधी केलं नसेल.

हात धुतले. रुमाल नाकावर घेतला, घट्ट बांधला.

“तीन आठवडे,” ते म्हणाले. “त्यावर एक दिवस नाही. आणि तुम्ही फकीर आहात, बाबा, डॉक्टर नाही. या खेपेलाही त्या बाईचं चुकलं तर?”

बाबांनी विझवलेला कंदील आप्पांच्या हातात दिला.

“तर चौदाच्या चौदा जणांना घिऊन या,” ते म्हणाले, “आन् समद्यांनी मिळून मला शिव्या घाला.”