सेकंदाला पंचवीस चित्रे

एकदा एका बाजारपेठेच्या गावात एक वृद्ध छायाचित्रकार राहत असत. गाव त्यांचे खरे नाव कधीच विसरले होते, सगळे त्यांना फोटोमास्तर म्हणत. छत्तीस फोटोंच्या एका रोलमध्ये अख्खे लग्न बसवणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. पुढे रोल गेले, वऱ्हाडातला प्रत्येक जण स्वतःच्या फोनवर फोटो काढू लागला, तेव्हा मास्तरांनी घरादारांवर सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा उद्योग धरला. "पूर्वी माणसं माझ्याकडे बघून हसायची, आता मी बघतोय हेच विसरतात," एवढीच त्यांची तक्रार असे.

त्यांच्याकडे एक शिष्य होता. वय तिशीच्या घरात, हात चलाख, शहरात जाऊन महिनाभराचा अभ्यासक्रम केलेला. प्रमाणपत्र त्याने काचेच्या चौकटीत लावले होते. ते शहाणपण अंगावर अजून ओले होते, आणि ओल्या रंगाला हात लावला की डाग पडतोच.

एके दिवशी गुरुशिष्य पिठाच्या गिरणीवर कॅमेरा बसवायला गेले. तार ओढून झाली, रेकॉर्डर जोडून झाला, आणि मास्तरांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी गिरणीवाल्याला दारातून तीनदा ये-जा करायला लावली. एकदा रिकाम्या हाताने, एकदा डोक्यावर दळणाचा डबा घेऊन, आणि एकदा पळत. गिरणीवाला स्थूल होता. तिसऱ्या खेपेला त्याला धाप लागली आणि दळणाला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग मास्तरांनी त्याला विचारले, "काय हो, तुमच्या घरातली वस्तू हरवली तर किती दिवसांनी कळतं?"

"वस्तू कोणती त्यावर आहे," गिरणीवाला घाम पुसत म्हणाला. "डबा गेला तर तासाभरात बोंब. छत्री गेली तर पुढच्या पावसाळ्यात."

मास्तरांनी मान डोलावली, आणि सेकंदाला पंचवीस चित्रे टिपू शकणारा तो नवा कोरा कॅमेरा सेकंदाला दहा चित्रांवर आणून ठेवला. चित्राचा दर्जाही मधला ठेवला. रेकॉर्डरवर आता तीस दिवसांचे चित्रण मावणार होते. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पंचवीसची ताकद असताना दहा? हे म्हणजे गाडी घ्यायची आणि ढकलत न्यायची.

"चित्र तुटक दिसेल, मास्तर," तो हळूच म्हणाला. "चेहरा पुसट आला तर आपलं नाव जाईल."

"चेहरा पुसट येतो तो उजेड कमी पडला म्हणून. चित्रं कमी पडली म्हणून नाही. दारावर एक दिवा लावायला सांगितलाय मी त्यांना," मास्तर म्हणाले आणि शिडी उचलून चालू लागले. शिष्याला काही ते पटले नाही.

गिरणीच्या समोरच हळदीच्या एका व्यापाऱ्याचे घर होते. शेठजी मनाने वाईट नव्हते, पण प्रत्येक गोष्ट सर्वांत भारी असावी असा त्यांचा हट्ट असे. त्यांनी घराला आठ कॅमेरे बसवायचे ठरवले तेव्हा मास्तर नेमके लेकीच्या गावी गेले होते. काम शिष्याने एकट्याने केले, आणि हौस म्हणून काही बाकी ठेवली नाही. आठही कॅमेरे पंचवीस चित्रांवर, दर्जा सर्वोच्च. पडद्यावर अंगणातली चिमणी उडाली तर तिच्या पंखांची फडफड मोजता येई. शेठजी खूश झाले, येईल त्या पाहुण्याला चिमणी दाखवू लागले.

मास्तर परतले. शिष्याने चिमणीचे वर्णन केले. मास्तरांनी एवढेच विचारले, "मागचं किती दिवसांचं राहतं?"

"पाच दिवसांचं. मग जुनं पुसून नव्याला जागा होते."

"जाऊन बदलून ये," मास्तर म्हणाले.

शिष्य हो म्हणाला आणि गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असे करत त्याने दोन महिने घालवले. आळस हे खरे कारण नव्हते. शेठजींनी ज्याची चारचौघांत वाखाणणी केली ते आपल्याच हाताने कमी करायचे, हे त्याच्या जिवावर येत होते.

मग भाद्रपद आला, गौरी आल्या.

शेठजींच्या घरी एकोणीस वर्षे कामाला असलेली हौसाबाई नावाची एक बाई होती. या गोष्टीत नाव तेवढे तिचेच सांगतो, कारण पणाला लागणार होते तेही तिचेच. घराच्या मागच्या दाराची किल्ली तिच्या पदराला बांधलेली असे. पहाटे ती आपल्या हाताने दार उघडी, तेव्हा त्या घराचा दिवस सुरू होई. गौरींना साडी नेसवण्यात शेठजींच्या पत्नीला, वहिनींना, तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. थोरल्या गौरीच्या नाकात वहिनींच्या सासूबाईंची मोत्यांची नथ घालायची, ती दोऱ्याने बांधायचे कामही हौसाबाईचेच.

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. घाईगर्दीत दागिने डब्यात गेले, आणि नथ दुसरीने ठेवली असेल असे प्रत्येकीला वाटले. गौरी गेल्या त्याच्या बाराव्या दिवशी डबा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला काढला, तेव्हा त्यात नथ नव्हती.

घर उलथेपालथे झाले. मग सगळे दमले. हौसाबाईला कुणी चोर म्हटले नाही. फक्त वहिनी खाली बघून म्हणाल्या, "हौसाबाई, मागच्या दाराची किल्ली तेवढी ठेवून जा."

शेठजींनी शिष्याला बोलावणे पाठवले. तो ऐटीतच आला. आपले चित्रण कामाला येणार याचा त्याला आनंदच झाला होता. पाहतो तो दिवाणखान्याच्या उंबऱ्यापाशी हौसाबाई उभी. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत आशा होती.

"दावा दादा," ती म्हणाली. "त्या दिवसाचं समदं दावा. मी काय घेऊन आले, काय घेऊन गेले, समद्यांनी बघू द्या. मला तर बघायचंच हाय."

शिष्याने तारीख निवडली. पडदा काळा. पुढची तारीख, काळा. सहा दिवसांपूर्वीची तारीख, तरीही काळा. पाच दिवसांपूर्वीपासून चित्र सुरू झाले, आणि त्यात काय होते? रिकामे अंगण, सुंदर, लखलखीत, आणि एक चिमणी.

"म्हंजी माझा दिवस न्हाईच का त्यात?" हौसाबाईने विचारले.

शिष्य पुन्हा पुन्हा त्याच तारखा चाळत राहिला. ती वळली आणि पुढच्या दाराने निघून गेली. एकोणीस वर्षांत ती पुढच्या दाराने बहुधा पहिल्यांदाच गेली असेल. शिष्याला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे वाटले.

तो तडक मास्तरांकडे गेला आणि त्याने सगळे सांगितले, दोन महिने टाळाटाळ केली तेही. मास्तर रागावले नाहीत. ते उठले, सदरा घातला आणि म्हणाले, "शेठजींना गिरणीवर यायला सांग."

गिरणीचा कॅमेरा गिरणीच्या दारावर रोखलेला होता, पण त्याच्या एका कोपऱ्यात समोरच्या घराचे फाटक आणि मागच्या बोळाचे तोंड येत होते. मास्तरांनी गौरी गेल्या तो दिवस लावला. सेकंदाला दहा चित्रे. माणसे किंचित अडखळत चालल्यासारखी दिसत होती, पण कोण आले, कोण गेले, कुणाच्या हातात काय, हे चोख कळत होते. हौसाबाई संध्याकाळी बोळातून बाहेर पडली ती एका हातात प्रसादाची पुडी घेऊन. शेठजी पुढे वाकले. मास्तर मात्र तिथे थांबले नाहीत. ते चित्रण उलटे मागे नेत राहिले, आणि दुपारच्या एका चित्रावर थांबले.

फाटकातून खुद्द शेठजी बाहेर पडत होते. अनवाणी, डोक्यावर टोपी, दोन्ही हातांत वेण्यांनी आणि पत्रीने भरलेली टोपली.

"ही टोपली कसली?"

"निर्माल्य," शेठजी म्हणाले. "आमच्या घरची रीत आहे. कर्त्या पुरुषाने अनवाणी जाऊन देवळामागच्या खड्ड्यात सोडायचं आणि मागे वळून बघायचं नाही."

"त्याआधी झाडून बघितलं होतं?"

"निर्माल्य कोण झाडतं, मास्तर?" शेठजी बोलून गेले, आणि बोलता बोलताच त्यांचा आवाज खाली आला.

चित्रात नथ दिसत नव्हती. पंचवीस चित्रे असती तरी ती दिसली नसती. दिसत होता तो फक्त दिवस, आणि एक टोपली.

देवळामागच्या खड्ड्यात फुलांचे काळे खत होऊ लागले होते. गिरणीवाल्याने जुनी चाळण दिली. शिष्याने बाह्या दुमडल्या, खड्ड्यात उतरला आणि कुणालाही हात लावू न देता ओंजळ ओंजळ चाळू लागला. वास असा की पुजारीही दूर जाऊन उभा राहिला. तासाभराने शेवंतीच्या एका वेणीचा कुजका दोरा त्याच्या बोटांना लागला, आणि त्या दोऱ्यात अडकलेली सोन्याची तार. नथीचे मोती काळवंडले होते, पण एकही निसटला नव्हता. शिष्य खड्ड्यातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मास्तर काठावर बसले होते. ते म्हणाले, "रोलमध्ये छत्तीस फोटो असायचे. मी नवा होतो तेव्हा एका लग्नात मांडवातच पस्तीस उडवले. पाठवणीला एक उरला, तोही हलला. पंचेचाळीस वर्षं झाली, ती मुलगी अजून भेटली की बापाबरोबरचा पाठवणीचा फोटो मागते. बाप केव्हाच गेला. जागा ठरलेली असते बाबा. एका क्षणाला जास्त दिलीस की कुठल्या तरी दिवसाला कमी पडते. म्हणून मी आधी विचारतो, तुम्हाला हरवल्याचं कळतं किती दिवसांनी? माणसाला प्रश्न जितक्या दिवसांनी पडतो, तितके दिवस तरी यंत्राच्या लक्षात राहिलं पाहिजे. चिमणीचे पंख मोजून कुणाची अब्रू वाचत नाही."

शिष्याने वर येऊन नथ शेठजींच्या हातात दिली. मग मास्तर शेठजींकडे वळले, आणि त्यांचा आवाज जरा कडक झाला.

"तुमच्या यंत्राने जुनं पुसलं, शेठजी, कारण नव्याला जागा हवी होती. ते यंत्र आहे, त्याला माफ. पण एका नथीसाठी तुम्ही एकोणीस वर्षं कशी पुसलीत?"

शेठजींना ते लागले. ते नथ मुठीत धरून, देवळात न जाता तसेच हौसाबाईच्या घरी गेले. वहिनीही मागोमाग आल्या. "चुकलं माझं," वहिनी म्हणाल्या आणि किल्ली पुढे केली.

हौसाबाईने नथ हातात घेऊन पाहिली, पदराने पुसली, परत दिली. किल्लीला हात लावला नाही. "चुकलं म्हनालात, मला पोचलं," ती म्हणाली. "पर किल्ली आज नगं. उद्या सकाळच्याला बघू."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी शिष्य शेठजींच्या घरी रेकॉर्डरपुढे बसला होता. मागच्या दाराचा आणि फाटकाचा कॅमेरा त्याने बारा चित्रांवर आणला, अंगणाचे आठावर, आणि सगळ्यांचा दर्जा मधला केला. फाटकावर एक दिवा वाढवला. घराच्या आतला एक कॅमेरा, जो सगळा वेळ हौसाबाईच्या ओट्याकडे बघत असे, तो त्याने शेठजींना विचारून काढूनच टाकला. आता दिवस किती ठेवायचे तेवढे राहिले होते. ते कुणाला विचारावे या विचारात तो असताना मागे पावले वाजली.

हौसाबाई आली होती. वहिनींनी खिळ्याला अडकवून ठेवलेली किल्ली तिने स्वतःच्या हाताने काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. गाठ एकदा मारून तिचे समाधान झाले नाही, तिने दुसरी मारली.

"मावशी," शिष्य म्हणाला. त्याने तिला मावशी पहिल्यांदाच म्हटले होते. "या घरात काही हरवलं तर किती दिवसांनी कळतं?"

हौसाबाईने विचार केला. ते घर तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

"चमचा त्याच दिशी," ती म्हणाली. "दागिना पंधरा दिसांनी. आन् मानूस..." ती थांबली, आत वहिनींनी चहा टाकला होता, तिकडे तिने पाहिले. "मानूस हरवलं तर लई उशिरा कळतं. तू जरा वाढीवच ठेव."

शिष्याने रेकॉर्डर चाळीस दिवसांवर लावला.

वाचकहो, घरचा कॅमेरा कुणीही बसवून देईल. आपल्या मनात एखाद्याची एकोणीस वर्षे किती दिवस टिकतात, तेवढे मात्र आपले आपणच तपासून पाहायचे असते.