पहारेकरणीचा हुकूम

फार पूर्वी एका जांभळीवर मधमाश्यांचं पोळं होतं. दारात शत्रू आला तर पहारेकरीण झुंबरीने लगेच हुकूम द्यावा. लांब जाऊन लढायचं असेल तर मात्र आधी सगळ्या पोळ्याला विचारावं, असा तिथला नियम.

एकदा दारात आलेल्या गांधीलमाश्या झुंबरीने हाकलल्या. कौतुक झालं, आणि तिला चटकच लागली. तिने न विचारताच हुकूम सोडला, "आता चिंचेवरच्या पोळ्यावर हल्ला! विचारत बसलं तर उशीर होतो."

"चिंच कुठे पळून चाललीय?" म्हातारी कामकरीण रेवा म्हणाली. "झुंबरीबाई, हुकूम शंभरदा देता येतो. आम्हाला डंख एकदाच मारता येतो, मग मरावंच लागतं. म्हणून आधी विचारायचं."

झुंबरीने विचारलं. होकारासाठी एकही पंख हलला नाही.

दुसऱ्या दिवशी फुललेल्या चिंचेवर दोन्ही पोळ्यांच्या माश्या गुणगुणत होत्या. संध्याकाळी सगळ्याच्या सगळ्या घरी परतल्या.