नास्तिकांचा पाचवा प्रकार

आटपाट रान होतं. रानाचा राजा तरसोजी तरस. तो लोकमतानं निवडून आला होता, कारण मतमोजणीचं काम त्यानं स्वतःवरच घेतलं होतं. त्याच्या जाहीरनाम्यात एकच कलम होतं: आभाळात एक थोर हत्ती आहे, तो सोंडेनं तळं भरतो, आणि त्याच्याशी बोलणी फक्त तरसोजी करतात.

एका वर्षी तळं आटलं. तरसोजींनी काठावरच सभा घेतली. "बंधूंनो आणि भगिनींनो, हत्तीकृपेनं तळं तुडुंब भरलं आहे!" कोल्ह्यांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात ठकूबाई पाणकोंबडी म्हणाली, "अहो, कुठलं पाणी? पाणी नाही. माझी चार पिल्लं चिखलात रुतलीत."

झालं! दरबारचे पंडित वटवाघूळशास्त्री धावून आले. ते उलटे लटकून विचार करत. म्हणाले, "नास्तिक म्हणजे 'नाही' म्हणणारा. बाई 'नाही' म्हणाली. सबब बाई नास्तिक."

त्याच दिवशी राज्यात 'नाही' या शब्दावर बंदी आली. भूक नाही म्हणता येईना, म्हणून पाहुणे पोट फुटेस्तोवर जेवले. कोठार आम्ही फोडलं नाही म्हणता येईना, म्हणून उंदरांनी लूट कबूल केली. कोठार कोणी फोडलं होतं, ते रानातल्या दगडालाही ठाऊक होतं.

ठकूबाईवर खटला भरला. हत्तीच्या देवळामागे भरलेलं टाकं होतं, पण ते आस्तिकांसाठी राखीव. ती नास्तिक ठरली, की पिल्लं तहानेनं मरणार. तिच्याबरोबर आणखी तिघे पिंजऱ्यात होते. शास्त्रीबुवा एकेकाचा प्रकार ठरवू लागले.

साळिंदर म्हणालं, "हत्ती नाहीच. असता तर एव्हाना आभाळ फाटून खाली पडला असता."

"पहिला प्रकार. ठाम नास्तिक."

खवल्या मांजर म्हणालं, "आधी हत्ती म्हणजे काय ते सांगा. मग आहे की नाही ते बघू."

"दुसरा. चिकित्सक. हा फार वाईट."

रेडा म्हणाला, "असला काय, नसला काय, मला चिखल पुरतो."

"तिसरा. बेफिकीर."

ठकूबाई म्हणाली, "बाबांनो, हत्तीचं मला काही ठाऊक नाही. मी तळ्याचं बोलत्येय. मला चार चोची पाणी द्या, हत्ती तुमच्याकडेच ठेवा."

"चौथा. अज्ञेयवादी." शास्त्रीबुवांना आता भलताच रंग चढला. "ग्रंथात पाचवाही सांगितला आहे. हा दोन्ही वेळा आरती करतो, पण वरून कोणी बघत नसल्यासारखा वागतो. अन् हा प्रकार आपल्या राज्यात आढळत..."

शास्त्रीबुवा अडले. पुढचा शब्द बंदीतला होता. मग नाइलाजानं म्हणाले, "आढळतो."

सगळ्या माना सिंहासनाकडे वळल्या. टाक्यात डुंबून आलेल्या तरसोजींच्या शेपटीतून अजून पाणी ठिबकत होतं. ठकूबाई त्या थेंबांकडे टक लावून बघत राहिली.

तरसोजी खाकरले. "शास्त्रीबुवा, ग्रंथात चूक आहे. दुरुस्ती लिहून घ्या. पाचव्या प्रकाराला यापुढे आस्तिक म्हणावं."

ठकूबाईला पाणी मिळालं नाही. पिल्लं पुढे घालून ती हद्दीपलीकडच्या ओढ्याकडे निघाली. चारांतली दोन पोचली. सांगताना माझा अजून संताप होतो.

इकडे निवडणूक लागली. सगळेच उमेदवार कट्टर आस्तिक निघाले.