दोन कानांची पुडी

"…मग माझ्यात उणं काय राहिलं, बुवा?"

यज्ञेश्वरानं हे विचारलं तेव्हा निरंजनबुवा खलात हिरडा कुटत बसले होते. बत्त्याचा ठेका चुकला नाही.

प्रश्न मठाच्या खिडकीचा होता. टेकडीवरच्या त्या मठात रोज सकाळी औषधाची खिडकी उघडे. खालच्या पाचसहा गावांतली माणसं रांग लावत, दुखणं सांगत, पुड्या घेत आणि जे जमेल ते कट्ट्यावर ठेवून जात. कुणी तुपाची वाटी, कुणी अडुळशाची जुडी. चाळीस वर्षं त्या खिडकीत बुवाच बसत आले होते. आता त्यांचे गुडघे साथ देईनात आणि पुढं तिथं कोण बसणार, हे ठरायचं होतं.

यज्ञेश्वराच्या मते ते ठरलेलंच होतं. पाठशाळेत तो पहिला आलेला. औषधींच्या गुणांचा निघंटू तोंडपाठ. नाडी धरून तो रोग सांगे, आणि सांगितलेला रोग बहुतेक वेळा खराही निघे. अक्षर मोत्यांसारखं होतं, आणि ते तसं आहे हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"बिचारे लोक किती लांबून चढून येतात," तो म्हणाला. "त्यांची सेवा माझ्या हातून चांगली होईल."

"बिचारे म्हणू नकोस. गिऱ्हाईक म्हण."

यज्ञेश्वराला हा शब्द मठात बरा वाटला नाही. हे काय दुकान आहे का, असं त्यानं जरा आडवळणानं विचारूनही पाहिलं.

"बिचाऱ्याला तक्रार करता येत नाही," बुवा म्हणाले. "…पंधरा दिवस बस खिडकीत. मग बघू."

तो बसला. आणि बसल्या बसल्या पहिलं काम त्यानं काय केलं असेल, तर पुड्यांचे कान कापले.

बुवांची एक जुनी रीत होती. सकाळच्या पुडीचा एक कोपरा ते बाहेर काढून दुमडत, रात्रीच्या पुडीचे दोन. लोक एका कानाची पुडी, दोन कानांची पुडी असंच म्हणत. यज्ञेश्वराला ते गावठी वाटे. म्हाताऱ्या हातांना काहीतरी चाळा हवा असतो, अशी त्यानं मनाशी समजूत करून घेतली होती.

त्याच्या पुड्या पाहण्यासारख्या होत्या. चारी बाजू चोख, कोपरा कुठंही वर आलेला नाही. सकाळच्या पुडीवर तांबड्या शाईत 'प्रातः', रात्रीच्या पुडीवर काळ्या शाईत 'रात्रौ'. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळेल, इतका पुढचा विचार त्यानं केला होता. लोक पुडी उलटीसुलटी करून बघत आणि वाहवा करत. राघोजी कुंभार तर म्हणाला की अशी पुडी फोडायला जीव होत नाही. यज्ञेश्वराची छाती त्या दिवशी खिडकीत मावत नव्हती.

आठव्या दिवशी तुळसाक्का आली.

तुळसाक्का खालच्या गावची सुईण. डोळे जाऊन बारा वर्षं झाली होती, पण हात कुठं गेले नव्हते. अडलेल्या बाईला अजूनही तिलाच बोलावणं यायचं. मठाच्या पायऱ्या ती काठीनं मोजत एकटीच चढायची आणि कुणी हात धरू लागला तर तो हळूच बाजूला करायची.

तिनं पदराची गाठ सोडली आणि कट्ट्यावर चौदा पुड्या मांडल्या. पहिल्या दिवशी नेलेल्या, सात दिवसांच्या. एकही फोडलेली नव्हती. बोलायच्या आधी तिला खोकल्याची उबळ आली आणि ती ओसरेपर्यंत रांग थांबून राहिली.

यज्ञेश्वर चिडला. औषध घ्यायचं नाही तर न्यायचं कशाला, असं त्यानं तिला विचारलं.

"कंची सकाळची आन् कंची रातची?"

वर लिहिलं आहे, असं तो बोलून गेला. मग जीभ चावून म्हणाला की आक्का, सुनेला विचारायचं होतंत.

"रातची पुडी झोपंची हाय," ती म्हणाली. "ती सकाळी पोटात गेली आन् माझा डोळा लागला, तर कुणाच्या लेकीनं वाट बघायची?"

"म्हणूनच म्हणतो, सुनेला…"

"ह्या हातांनी निम्मं गाव जगात आणलं. आता ह्याच हातांत काय हाय, ते दुसऱ्याला इचारू?"

तिला उद्या यायला सांगून यज्ञेश्वरानं रांग पुढं घेतली, पण त्या दिवशी कुणाची वाहवा त्याच्या कानात शिरली नाही.

मात्र तो काही कोत्या मनाचा नव्हता. चूक कळली की ती दुरुस्त करायची, आणि अशी करायची की जगानं बघत राहावं, हा त्याचा स्वभाव. दुपारभर बसून त्यानं तुळसाक्कासाठी वेगळ्या पुड्या बांधल्या. बुवांच्यापेक्षा सुबक कान. त्यांच्यासाठी वेगळी टोपली काढली, तिला लाल फडकं लावलं. बुवांना हे चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. खोटं कशाला सांगा, तो त्याला गोडही लागला.

दुसऱ्या दिवशी काठीचा आवाज आला तसा तो खिडकीत उभाच राहिला. रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं सांगितलं की तुळसाक्कांना पुढं येऊ द्या, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मठानं आजपासून खास सोय केली आहे.

माणसं बाजूला झाली. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

तुळसाक्कानं पुडी घेतली आणि कान चाचपले. मग मागं हात करून, नुकतंच औषध घेऊन वळलेल्या राघोजीची पुडी मागितली आणि तीही चाचपली. सपाट होती.

"ह्याला का न्हाईत कान?"

"त्याला दिसतं, आक्का. हे खास तुमच्यासाठी."

तिचा अंगठा त्या सपाट पुडीच्या कडेवरून पुन्हा एकदा फिरला.

"डोळं जाऊन बारा वर्सं झाली," ती म्हणाली. "पर ह्या खिडकीशी मी आंधळी आज झाले."

तिनं दोन्ही पुड्या कट्ट्यावर ठेवल्या. बुवा खिडकीत बसले की निरोप धाडा, एवढंच सांगून ती वळली. तिचा खोकला शेवटच्या पायरीपर्यंत वर ऐकू येत होता.

यज्ञेश्वराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागं बुवा बसले होते. त्यांनी सारं ऐकलं होतं, हे मान न वळवताही त्याला कळत होतं.

बुवा उठले. गुडघ्यावर हात टेकत खिडकीपाशी आले. लाल फडक्याची टोपली उचलून त्यांनी मोठ्या टोपलीत उपडी केली, कानांच्या आणि बिनकानांच्या पुड्या हातानं कालवल्या, आणि पुन्हा खलाशी जाऊन बसले.



यज्ञेश्वर त्या ढिगाकडं बघत राहिला. मग त्यानं मांडी घातली आणि पहिली पुडी सोडली.

संध्याकाळपर्यंत टोपलीत सपाट पुडी एकही उरली नाही. शाई त्यानं तशीच ठेवली. लाल फडकं बत्ता पुसायला दिलं. मग स्वतः टेकडी उतरून तो तुळसाक्काच्या दारात गेला आणि उद्या खिडकीत मीच आहे, एवढं सांगून परत फिरला. या असं म्हणायची त्याला हिंमत झाली नाही.

सकाळी काठीचा आवाज आला. या वेळी यज्ञेश्वर बसूनच राहिला. ती रांगेत उभी राहिली, आपल्या पाळीला पुढं आली. त्यानं नाडी पाहिली, पुड्या दिल्या आणि सगळ्यांना विचारायचा तेच विचारलं, की भूक लागते का.

तुळसाक्कानं एक कान चाचपला. दोन कान चाचपले. मग मागं हात केला. तिच्या आधी औषध घेऊन थांबलेल्या राघोजीनं आपली पुडी त्या हातावर ठेवली.

तिची बोटं दुमडलेल्या कोपऱ्यावर थांबली…

"लागती भूक," ती म्हणाली.

अडुळशाची जुडी कट्ट्यावर ठेवून ती निघाली. पायऱ्या उतरताना मान ताठ होती, जशी लेकरू सुखरूप हातात आल्यावर असायची. यज्ञेश्वर तिच्याकडं बघत होता. त्याचा ऊर भरून आला, पण या खेपेला तो अभिमान त्याचा स्वतःचा नव्हता. तो तिचा होता.

रांग संपल्यावर तो बुवांपुढं जाऊन बसला.

"बुवा, हे कान तुम्ही तुळसाक्कासाठी काढलेत, हे मला आधी सांगायचं होतंत."

"तिच्यासाठी नाही काढले."

"मग?"

"मी या खिडकीत बसलो त्या पहिल्या दिवसापासून पुडीला कान आहेत."

यज्ञेश्वरानं मनाशी हिशेब केला. चाळीस वर्षं.

"तेव्हा तर त्यांना दिसत असणार."

"चांगलं दिसत होतं. नदीच्या पलीकडच्या काठावरचं माणूस ओळखायची."

"मग दुसरं कुणी येत होतं? न दिसणारं?"

"कुणी नाही."

"मग ते कान होते तरी कुणासाठी?"

बुवांनी बसायचं घोंगडं उचललं, झटकलं आणि खिडकीखाली यज्ञेश्वरासाठी अंथरलं. मग खल पुढं ओढला.

"…ते गिऱ्हाईक अजून यायचं होतं."