चाकाईचा शेंदूर

“नाणं नाही म्हणतोस. मग हे आहे तरी काय?” रहमानबाबांनी विचारलं.

“जुगारातला बिल्ला, बाबा,” सदानंद गद्रे म्हणाला. “परदेशी खलाशी पत्ते खेळताना पैशांच्या जागी मांडायचे, तसला.”

बंदराच्या टोकाला एक दर्गा आहे. रहमानबाबा तिथले फकीर. दर्ग्याच्या पेटीत कुणीकुणी जुनी नाणी टाकायचं. ती ओळखता ओळखता बाबा जाणकार झाले होते. सदानंद शाळेत मास्तर होता आणि गेली आठ वर्षं बाबांकडे नाणी वाचायला शिकत होता.

“कशावरून?”

सदानंद याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्याने पितळेची ती चकती बाबांच्या हातावर ठेवली.

“एका बाजूला चाकावर उभी असलेली बाई. मागे बदाम आणि इस्पिक. अक्षरं परदेशी. वजन हलकं. आणि कुठल्याच राजाचं नाव नाही.”

बाबांनी चकती उजेडात धरली. बराच वेळ पाहिली.

“बरोबर वाचलंस.”

सदानंदचा चेहरा उजळला.

“पारावर चारचौघांत सांगितलं मी. सगळे थक्क झाले. आणि गंमत म्हणजे बाबा, पारूबाई नाखव्याच्या घरी हे देव्हाऱ्यात होतं! चाकाई म्हणतात. चार पिढ्या जुगाराच्या बिल्ल्याला नैवेद्य दाखवतायत!”

तो हसला. बाबा हसले नाहीत.

“पारू कुठं आहे?”

“बाहेर, पायरीवर बसलीय.”

“आत बोलाव.”

पारूबाई आत आली. हातात तांब्याचं ताम्हन होतं, रिकामं. सदानंदकडे न बघता ती कडेला बसली.

“बाय,” बाबा म्हणाले, “तू मास्तरांना काय विचारलं होतंस?”

“काय नाय, बाबा. नव्या घरात देव हलवताना चाकाई हातातून निसटली. शेंदूर एवढा चढलेला, की डोकं कुठं नि पाय कुठं, काय कळेना. उलटी बसवायला नको, म्हणून मास्तरांकडे नेली. वरची बाजू तेवढी सांगा म्हटलं.”

बाबांनी सदानंदकडे पाहिलं.

“सांगितलीस?”

“…राहून गेलं.”

बाबांनी चकती नाकाशी नेली.

“चिंच.”

जुनी वस्तू हातात आली की घासायची नाही, तिच्यावरचा मळसुद्धा वाचायचा असतो. बाबांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ती हीच.

“अक्षरं दिसत नव्हती, बाबा. म्हणून… थोडंसं.”

“मग या बाईनं घरी काय नेलं?”

“नेलं नाय काय,” पारूबाईच म्हणाली. “सासूबाई म्हणाल्या, बिल्ला घेऊन घरात येऊ नको. मासळीबाजारात बायका विचारतात, पारू, आज किती डाव जिंकलीस? हसतात. हसू देत. त्याचं काय नाय.”

तिने ताम्हन पुढे सरकवलं.

“मी कवचासाठी आले. चाकाईचं शेंदराचं कवच सुटलं की आम्ही ते वाजतगाजत दर्यात सोडतो. आजेसासूच्या वेळी एकदा सुटलं होतं, तेव्हा अख्खी आळी होड्या घेऊन गेली होती. ते सोडलं की देवी नव्यानं बसवता येते. नाय सोडलं तर घरात देव बसत नाय. मास्तरांनी ठेवलं असेल जपून. द्या मास्तर, मी नेते.”

ताम्हन तिने दोन्ही हातांनी धरलं होतं.

सदानंद त्या ताम्हनाकडे बघत राहिला.

“मास्तर?”

“…चिंचेच्या पाण्याबरोबर… मोरीत ओतलं मी.”

बाहेर एका होडीवर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

पारूबाईने ताम्हन मागे घेतलं आणि पदराखाली झाकलं. रिकामं ताम्हन आपणच आणल्याची तिला लाज वाटावी, तसं.

“तुम्हाला काय ठाऊक, मास्तर,” ती हळूच म्हणाली.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सदानंदचे कान तापले. आत्ता हसलेलं हसू त्याला स्वतःलाच ऐकू येत होतं. बाबांच्या हातातून त्याने चकती घेतली आणि पारूबाईसमोर गुडघे टेकले.

“ही… ही वरची बाजू, पारूबाई. इथं डोकं आहे.”

तिने वाकून पाहिलं. चाकाईचं तोंड तिने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. हात जोडले.

“पण आता बसवू कशी?”

सदानंद बाबांकडे वळला.

“बाबा, मी वाचण्यात चुकलो का?”

“एक अक्षरही नाही.”

“मग मी काय करू? सांगा. काहीही सांगा.”

बाबा काठी टेकत उठले. दारापर्यंत गेले. चपला पायात सरकवल्या.

“तुझ्या मोरीचं पाणी कुठं जातं?”

“गल्लीतल्या गटारात.”

“आणि गटार?”

“बाजारातून… पारावरून… खाडीला.”

“खाडी?”

सदानंदने मान खाली घातली.

“…दर्याला, बाबा.”

“मग वाजंत्री तुझ्या मोरीपाशी बोलाव, सदानंदा. तिथून निघू.”