आधी जिमखाना

एकदा एक शिकाऊ माणूस एका म्हाताऱ्याच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसला. टेबल होतं कॉलेजात, जिन्याखाली. वर पाटी, 'विद्यार्थी मदत कक्ष'. कक्ष कसला, झाडू ठेवायची जागा होती ती. झाडू अजून तिथंच होता.

म्हाताऱ्याला अख्खं कॉलेज मामा म्हणायचं. तीस वर्षं शिपाई होते, रिटायर झाल्यावर प्राचार्यांनी परत बोलावून या टेबलावर बसवलं. शिकाऊ मात्र डिग्रीवाला. पोरांना सल्ला कसा द्यायचा, सांभाळून कसं घ्यायचं, हे पुस्तकातून शिकलेला. करिअर करीन तर यातच, असं घरी ठणकावून आलेला. त्याचा बाप म्हणला होता, "लोकांच्या पोरांना समजावायचा पगार मिळतो? मी तुला वीस वर्षं फुकट समजावतोय, कळलं का काय?" सहा महिने मामांच्या हाताखाली काढायचे, मग प्राचार्य ठरवणार, ठेवायचं का नारळ द्यायचा.

पहिल्याच आठवड्यात त्याचं डोकं फिरलं. कॉलेज सोडणाऱ्याला दाखला काढायचा असला की सात सह्यांचा फॉर्म असतो. लायब्ररी, लॅब, जिमखाना, हॉस्टेल असं फिरायचं आणि कॉलेजची वस्तू आपल्याकडं राहिलेली नाही, अशी प्रत्येकाकडून सही घ्यायची. सातवी सही मामांची. आता लायब्ररी तर शेजारच्याच दाराला. पण पोरगं आलं की मामा छत्री टेकत उठायचे, गुडघा चोळायचे आणि म्हणायचे, "चल. आधी जिमखाना." जिमखाना मैदानाच्या पार पलीकडं. तिथून हॉस्टेल, मग तिसऱ्या मजल्यावरची लॅब, मग परत खाली. गोगलगाय पुढं निघून जाईल, असं चालणं. वाटेत काही विचारायचे पण नाहीत. पोरं वैतागायची.

"मामा, जवळची सही आधी घेतली तर?" शिकाऊ म्हणला.

"मग गुडघ्याला व्यायाम कसा व्हायचा, सर?"

'सर' असं म्हणायचे की त्यापेक्षा शिवी बरी.

मग गुडघाच बसला. मामा दोन दिवस दवाखान्यात. नेमकी तेव्हाच वर्षाराणी आली. सायन्सच्या दुसऱ्या वर्षाची, काडीसारखी पोरगी, पदराला गाठ मारावी तशी ओढणीला गाठ मारत उभी.

"सर, दाखला पाहिजे. घरची अडचण आहे. एकची एसटी आहे."

शिकाऊला वाटलं, हाच चान्स. म्हणला, "बस इथं. पाणी पी. तू फिरू नकोस, मी फिरतो."

आणि गडी पळाला. लायब्ररी, लॅब, हॉस्टेल, जिमखाना. "सही करा पटकन, पोरीची गाडी आहे." मामांच्या जागी 'करिता' लिहून स्वतःच सही ठोकली. वीस मिनिटांत दाखला तिच्या हातात.

"एवढ्यात झालं?" ती म्हणली.

"मग! आता मारुतीसारखं उडायचं."

ती हसली नाही. दाखल्याकडं बघत बसली थोडा वेळ. मग घडी घालून पिशवीत ठेवला, "थँक्यू सर" म्हणली आणि गेली. शिकाऊची छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण जायचं बाकी.

दुसऱ्या दिवशी लॅबचे काका जिना उतरून खाली आले.

"सर, ती वर्षाराणी कुठाय? आजारी पडली म्हणून जिचं प्रॅक्टिकल बुडालं ती. परत घेणार आहेत तिचं. वर्ष वाचलं बघा पोरीचं. यादी माझ्याच टेबलावर आलीय, कालपासून."

"कालपासून? काका, तिच्या फॉर्मवर तुम्हीच सही केली."

"मी? तुम्ही पटकन-पटकन करत होता, मी नाव कुठं वाचलं! पोरगी समोर उभी असती तर तोंड बघून ओळखली नसती का मी?"

फोन लावला. बंद. मैत्रिणीला गाठलं. ती म्हणली, "सर, तिला वाटलं वर्ष गेलंच. मग आईबापाबरोबर ऊस तोडायला गेली. टोळीचा ट्रक कालच संध्याकाळी सुटला."

मामा लंगडत परत आले. दोघं तिच्या गावाला जाऊन आले. घराला कुलूप. शेजारीण म्हणली, कर्नाटकात गेलेत, कुठल्या कारखान्याला ते काय आम्हाला ठावं नाही.

प्रॅक्टिकलच्या दिवशी शिकाऊ लॅबच्या दारात उभा राहिला. तिचा नंबर दोनदा पुकारला. स्टूल रिकामंच. मग पुढचा नंबर पुकारला.

खाली येऊन तो म्हणला, "मामा, मला नाही जमायचं हे. मी सोडतो."

मामांनी समजावलं बिमजावलं नाही. ड्रॉवर उघडून फॉर्म काढला. मास्तर असो का शिपाई, सोडायचं तर सात सह्या सगळ्यांनाच. छत्री टेकत उठले.

"चला सर. आधी जिमखाना."

मैदान ओलांडलं. जिमखान्याची सही झाली, हॉस्टेलची झाली. मामा मध्ये मध्ये थांबून गुडघा चोळायचे आणि शिकाऊला पण थांबावं लागायचं. ऑफिसची झाली. चौथी लायब्ररीची. मग लॅबचा जिना लागला आणि दुसऱ्या मजल्यावर शिकाऊ पायरीवर बसलाच.

"मामा, मी तिला विचारलं पण नाही हो, कसली अडचण. मला थँक्यू पाहिजे होतं, दुसरं काही नाही."

मामा शेजारी टेकले. "बाळा, टेबलासमोर बसलेलं पोरगं 'घरची अडचण' एवढंच म्हणतं. सगळीच म्हणतात. चालायला लागलं की दोन जिन्यांनंतर खरं निघतं तोंडातून. तुझं आत्ता निघालं तसं. माझ्यापाशी नाही निघालं तर सातांतला एखादा तरी विचारतो, का गं, कुठं निघालीस? कॉलेजनं सह्या ठेवल्यात वस्तू परत घ्यायला. मी त्या नावाखाली पोरांना हिंडवतो. गुडघा दुखतो, ते खरंय."

"मग थांबतात?"

"दहातली सात जातातच."

"आणि वर्षाराणी?"

"ती गेली," मामा म्हणले. "ते तुझ्या अंगावर राहणार. खोटं कशाला सांगू?"

दोघं तिथूनच खाली उतरले. पाचवी सही राहिली ती राहिलीच. चार सह्यांचा तो फॉर्म ड्रॉवरमध्ये गेला, वर्षाराणीच्या फॉर्मखाली.

सोमवारी एक दांडगट पोरगा आला, घाईत. "सर, दाखला. घरची अडचण आहे."

शिकाऊनं मामांकडं बघितलं. मामांनी छत्री त्याच्याकडं सरकवली.

"चल," शिकाऊ म्हणला. "आधी जिमखाना."

"सर, लायब्ररी तर ही इथं आहे की!"

"असू दे."

सोडून निघालेल्या माणसाचं काम फार झटपट करून देऊ नये.