मुकिंदानं पोचवलेली पेटी

एका गावात एक भोळा कासार होता. नाव मुकिंदा. सांगितलेलं तो कधीच विसरायचा नाही. त्याची बायको सगुणा हिला त्याचीच धास्ती होती.

सगुणा पहिलटकरीण. गावच्या दवाखान्यात सुमन सिस्टर तिला म्हणाल्या, "बाळ झालं की नाळेत थोडं रक्त उरतं. एरवी ते वाया जातं. रक्तपेढीला दिलंस तर ते गोठवून ठेवतात. रक्ताच्या दुखण्यानं बेजार झालेल्या एखाद्या पोराला जुळलं, तर जीव वाचू शकतो त्याचा."

सगुणाच्या मावसबहिणीच्या पोराला दर महिन्याला रक्त चढवावं लागायचं. सुयांनी काळेनिळे झालेले त्याचे हात तिला आठवले. "द्यायचं म्हणजे द्यायचं," ती म्हणाली.

मुलगी झाली. सिस्टरनी बाळामागून पडलेली वार मुकिंदाच्या हातात दिली. त्यानं ती घरी नेऊन शिंक्यावर ठेवली. त्याची आई किंचाळली, "मुडद्या, दवाखान्यातून दिलेलं घरात ठेवतात होय? अंगणात खोल पुरायचं, वर धोंडा ठेवायचा!"

"बरं. आता तसंच करीन."

मग सिस्टरनी टॉनिकची बाटली दिली. मुकिंदानं ती अंगणात खोल पुरली. वर धोंडा ठेवला.

सगुणानं कपाळाला हात लावला. "अहो, दवाखान्यातून दिलेलं मला चमच्यानं पाजायचं असतं."

"बरं. आता तसंच करीन."

मग आली नाळेच्या रक्ताची पेटी. शहरातल्या रक्तपेढीची गाडी नेमकी बंद पडली होती आणि रक्त तर वेळेत पोचायला हवं होतं. सिस्टरनी पेटी मुकिंदाकडे सोपवली. मुकिंदा चमचा घेऊन खाटेपाशी आला, पेटीच्या झाकणाशी झटू लागला.

"आ कर, सगुणे."

सगुणानं, अंग ठणकत असतानाही, अशी झेप घेतली की चमचा खिडकीबाहेर गेला. पेटीचं सील शाबूत राहिलं.

सिस्टर ओरडल्या, "मुकिंदभाऊ! दवाखान्यातून दिलेलं पाजायचं नाही! मांडीवर धरून, न हलवता, शहरात रक्तपेढीच्या खिडकीवर द्यायचं. परत मागायचं नाही. ज्याला जुळेल त्याला ते देतात."

"मग आधीच सांगायचं की," मुकिंदा म्हणाला.

आणि खरंच त्यानं पोचवली. एसटीत बांगड्यांच्या पेटीसारखी मांडीवर धरून, श्वाससुद्धा बेतानं घेत. रक्तपेढीचा निरोप आला, रक्त उत्तम स्थितीत मिळालं. सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आज शहाण्यासारखं वागलात हो," ती म्हणाली.

तिथंच चुकलं.

घरी जायच्या दिवशी सगुणा डोक्याला रुमाल बांधत होती. सिस्टरनी दुपट्यात गुंडाळलेली मुलगी मुकिंदाच्या हातात दिली. "सांभाळून न्या."

सगुणा बाहेर आली. ओसरीवर मुकिंदा नाही, मुलगी नाही. ती बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. दुपारी एसटी आली. मुकिंदा हसत उतरला. हात मोकळे.

"मुलगी कुठंय?"

"पोचवली. मांडीवर धरून, न हलवता. खिडकीवरच्या बाई घेईनात, पण मी ऐकतो होय? ठेवलीच."

तेवढ्यात सिस्टरचा फोन वाजला. पलीकडून बाई ओरडत होत्या आणि मुलगी त्यांच्याहून मोठ्यानं.

सगुणानं मुकिंदाचा हात धरला. अगदी हळू आवाजात म्हणाली, "चला. परत आणायची."

"मागायची नसते परत."

"अहो, मला हवीय ती!"

मुकिंदानं डोकं खाजवलं. "हवीय म्हणून कशी देतील, सगुणे? आधी जुळायला नको?"